जावईबापूंची सही

जावईबापू,

नातीच्या पेशींतल्या चुली विझत चालल्यात. डॉक्टरीणबाई त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. जनुकांचं औषध धुळीहून बारीक नॅनोकणांत भरून थेट तिथवर पोचवायचा प्रयोग आहे. गुण येईलच असं नाही, पण आईबाप दोघांच्याही सह्या हव्यात.

तुमची तेवढी अडलीय. हा आजार आईकडून येतो कळताच तुम्ही म्हणालात, "खोट तुमच्या घरची, तुम्हीच निस्तरा." माझ्याकडूनच आली, कबूल. पण चमचा उचलतानाही दमणारी पोर विचारते, "आजी, बाबा कधी येणार?" काय कपाळ सांगू तिला?

हे पत्र फाडणार आहे. टपालात टाकायचं दुसरं लिहून ठेवलंय. त्यात तुमचे पाय धरलेत.

अजून तरी तुमचीच,
सासू