गोठ्यातला कार्ब्युरेटर

तळ्याकाठचं हॉस्पिटल
७ नोव्हेंबर १९७८

ती. देल्फीनाताईस,
साष्टांग नमस्कार, प्लास्टरमधला पाय तेवढा वगळून.

इथे सगळं ठीक. सूप म्हणून जे देतात त्यात आपण भांडीसुद्धा विसळणार नाही. शेजारच्या खाटेवर एक नोटरी आहे, तो झोपेत लोकांची मृत्युपत्रं वाचतो. पाय ठणकतो, पण त्याहून तुझं परवाचं बोलणं ठणकतंय. जाता जाता दारातून म्हणालीस, की आता ते मोटरसायकलचं धूड विकून टाकते. मान्य, त्याच्यावरूनच ओढ्यात पडलो. पण पडलो मी, त्यात गाडीचा काय दोष? विकू नकोस, ताई. दुसरं काही मागत नाही.

म्हणजे, आणखी एकच मागतो. गाडी गोठ्यात पेट्रोलसकट उभी आहे. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल उडून जातं आणि कार्ब्युरेटरमध्ये नुसता डिंक उरतो. थंडीभर तशीच राहिली तर सगळी भोकं बुजतील. तेव्हा टाकीखालचा कॉक बंद कर, कार्ब्युरेटर उतरव, त्याच्या खालची वाटी रिकामी करून पूस. आत पितळेचं एक चिमुकलं जेट आहे, त्याच्या भोकातून आरपार दिसायला हवं. तार घालू नकोस, भोक मोठं होतं. शेवटी प्लग काढून तिथे चमचाभर रेसचं ऑइल सोड, म्हणजे एरंडेलच ते, आणि गाडी गिअरमध्ये टाकून दोन पावलं ढकल.

आणि त्या लाकूडवाल्या फेर्मोला गोठ्यात पाय ठेवू देऊ नकोस. बायको गेल्यापासून त्याला उद्योग नाही, आणि त्याचा माझ्या गाडीवर डोळा आहे. कोंतेसाला माझ्यातर्फे कोबीचं पान घाल.

माझ्यावर लोभ होता तेवढा पुरे. वाढवायचाच असेल तर गाडीवर वाढव.
तुझा,
एजिदिओ


ग्रोमो
१९ नोव्हेंबर

चि. एजिदिओस अनेक आशीर्वाद, आणि त्याहून अनेक शिव्या.

चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालास, पण एवढ्या लांबलचक पत्रात बहिणीची एका ओळीने चौकशी नाही. बकरीला मात्र कोबी!

मी विकणारच होते. फेर्मो टोपी हातात घेऊन दारात उभाही राहिला होता. पण गोठ्यातल्या त्या पेट्रोलच्या वासाने कोंतेसा दूध चोरायला लागली. म्हटलं, विकायची तरी स्वच्छ करून विकू. कॉक बंद केला, वाटी सोडली आणि सगळं पेट्रोल माझ्या बाहीत गेलं. तळाशी काकवीसारखा गाळ होता, पुसून निघेना. शेवटी आईच्या तांब्याच्या पातेल्यात व्हिनेगर घालून तुझा कार्ब्युरेटर उकळला. हो, मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळतो त्याच पातेल्यात. तार नको म्हणालास म्हणून जेटमध्ये कोंतेसाच्या दाढीचा केस उपटून घातला. तिने मला शिंगावर घेतलं, पण आता ते जेट खिडकीशी धरलं की भोकातून चर्चचा कळस दिसतो.

ऑइलचा डबा रिकामा निघाला. औषधाच्या दुकानात जाऊन एरंडेलची मोठी बाटली मागितली आणि मोटरसायकलला हवंय म्हटलं, तर बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. रविवारी पाद्रीबुवांनी सगळ्यांदेखत माझ्या पोटाची विचारपूस केली. बाबांना फॅसिस्टांच्या काळ्या शर्टवाल्यांनी शिक्षा म्हणून भर चौकात एरंडेल पाजलं, तेव्हापासून ती बाटली आपल्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. बाटली हातात घेतली तेव्हा मला रडू आलं. तुझ्या फटफटीसाठी मी तीही आणली, हे विसरू नकोस.

पातेलं राखेने घासघासून घासलं, तरी पोलेंत्याला पेट्रोलचा वास राहिलाच. मला घास गिळवेना. फेर्मोने मात्र दोनदा मागून घेतला.

नीट खा. सूप वाईट असलं तरी गिळ. आशीर्वाद घरी येऊन घे, टपालाने पाठवायला ते जड आहेत.
देल्फीना


तळ्याकाठचं हॉस्पिटल
२ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून इतका हसलो, की नोटरीने नर्सला बोलावलं. एक सांगू? वास मारणारा पोलेंता दोनदा मागून घेणारा माणूस गाडीसाठी येत नसतो. मी इतकी वर्षं उगाच गोठ्याला कुलूप लावलं.

प्लास्टर काढलं. डॉक्टर म्हणाले, उजवा गुडघा आता निम्माच वाकेल. मला किक मारता येणार नाही, ताई. किकच मारता येत नसेल तर गाडी काय पूजेला ठेवायची? तू म्हणत होतीस तेच बरोबर. विकून टाक. कार्ब्युरेटर उकळलास, एरंडेल आणलंस, सगळं फुकट गेलं, माफ कर. विकताना मला कळवू नकोस, एवढंच.

लोभ असू दे. मला आता त्याची गरज आहे.
एजिदिओ


ग्रोमो
११ डिसेंबर

चि. एजिदिओस,
आशीर्वाद देत नाही, आधी कान पकड.

फेर्मोला सरळ विचारलं, की बाबा, तुला गाडी हवी आहे का नाही? कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. म्हणाला, मला तर सायकलसुद्धा येत नाही. म्हणजे तो गिऱ्हाइकातून बाद. बाकी त्याचं काय करायचं ते मी बघेन, तू नाक खुपसू नकोस.

आता तुझा गुडघा. सहा वर्षं रोज सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय. किक गाडीच्या डाव्या बाजूला आहे, आणि सीटवर बसून तू ती डाव्या पायाने मारतोस. मोडलाय तो उजवा. डॉक्टरला फसव, नोटरीला फसव, मला कुठे फसवायला निघालास? तू घाबरलायस, मग तसं लिही ना! मीही घाबरले होते. तुला ओढ्यातून फळीवर घालून वर आणलं, तेव्हा मला वाटलं की तू गेलास. म्हणून तर विकते म्हणाले. माझं घाबरून झालं, तुझंही झालं असेल तर आता पुरे.

कार्ब्युरेटर परत बसवलाय. वाटी कोरडी आहे, कॉक बंद आहे, इंजिनात एरंडेल आहे. वर घोंगडी टाकली आहे. गाडी विकणार नाही. एप्रिलमध्ये येऊन पेट्रोल तुलाच भरायचंय. त्यात ऑइल किती घालायचं ते मला माहीत नाही, आणि मी शिकणारही नाही.

लोभ करण्याजोगा तू नाहीस, तरी आहे.
ताई