पाटीवर न मावलेली ओळ

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

इकडे सगळं ठीक. तिकडचं काही कळत नाही, कारण तू फोन उचलत नाहीस. म्हणून हा पत्राचा जुना मार्ग. तुझी भावजय म्हणते, पत्रात तरी मी कमी बोलेन. बाईचा माझ्यावर फार विश्वास.

बातमी अशी की चर्चच्या मंडळीने मला 'वडील', म्हणजे पंच, म्हणून निवडलंय. हस, पण निवड एकमताने झाली. दुसरं कोणी उभंच नव्हतं. सोनेरी कडांचं भलंमोठं पवित्र शास्त्रही भेट मिळालं. रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून ते मी पाट्यांच्या दुकानात काचेआड ठेवलंय. माझा रोजचा शास्त्राभ्यास मात्र चुकत नाही हं. सकाळी चहाआधी वचनपेटी उघडायची, चिमट्याने कागदाची एक सुरळी काढायची, ठळक अक्षरातलं ते वचन मोठ्याने वाचायचं आणि दिवसभर तोंडात घोळवायचं. चहा उकळायच्या आत काम फत्ते! लोक उगाच म्हणतात शास्त्र कठीण आहे.

एप्रिलअखेर आमच्या चिमणीचं लग्न आहे. चर्चमध्ये शास्त्रपाठ आत्यानेच वाचायचा असा तिचा हट्ट आहे. तुझा लांबू गेल्यापासून तू चर्चची पायरी चढली नाहीस हे मला ठाऊक आहे. पण वर्ष होऊन गेलं, ताई. कुठवर दार लावून बसशील?

तुझ्यासाठी मी स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवून पाठवतो आहे. पक्कं सागवान, निळी जमीन, पिवळी अक्षरं. वचन पेटीतूनच निघालं: आरंभ लहान असला तरी शेवट मोठ्या भरभराटीचा होईल. तुझ्यासाठीच लिहिलंय जणू. दिवाणखान्यात दारासमोर लाव.

भावजयीचा सलाम. लोभ आहेच, तो पाटीसारखा टिकाऊ असावा ही विनंती.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास (म्हणजे मंडळीच्या 'वडिलांस'),
अ. उ. आ.

पाटी पोचली. सागवान उत्तम, अक्षरं देखणी, रंग कुठे ओघळलेला नाही. धंद्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

उजव्या कोपऱ्यात तू बारीक अक्षरात 'ईयोब ८:७' असं लिहिलंयस. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारी बाई मी. बारीक अक्षर दिसलं की सोडवत नाही. घरातलं शास्त्र वर्षभर उघडलं नव्हतं. म्हटलं, भावाने एवढी मेहनत घेतली, बघू तरी देव मला काय म्हणतोय.

देव काही म्हणत नाही, रे. बोलतोय बिल्दद. तो ईयोबाचा मित्र. ईयोबाची सगळी मुलं एका दिवसात घर कोसळून मेली आहेत, आणि हे गृहस्थ सांत्वनाला आलेत. तुझ्या पिवळ्या अक्षरांच्या जरा वर, त्याच तोंडाने, ते काय म्हणतात ते तुझ्या पेटीत नसेल, म्हणून कळवते. ते म्हणतात की तुझ्या मुलांनी देवाचा अपराध केला असेल, म्हणून देवाने त्यांना त्याचं फळ दिलं.

पाप केलं म्हणे. माझं पोर, माझा लांबू, सकाळी कामावर निघाला होता. डोक्यात हेल्मेट होतं, सिग्नल हिरवा होता, आणि खिशात माझ्या गोळ्यांची चिठ्ठी होती, येताना आणायला.

हे तू दारासमोर लावायला सांगतोस. येता जाता वाचायला. मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले, आणि मग इतका राग आला की पाटी फोडायला हातोडी शोधली. सागवान आहे म्हणून वाचली. आता तोंड भिंतीकडे करून उभी आहे, वर्गातल्या वांड पोरासारखी.

लग्नाला मी येणार नाही. शास्त्रपाठ तुझ्या पेटीकडून वाचून घ्या. चिमणीला माझे आशीर्वाद वेगळे कळवते. ते मला पाठ आहेत, चिमटा लागत नाही.

लोभ कुठे ठेवला ते सापडल्यावर कळवेन.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र तुझ्या भावजयीने आधी वाचलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट येतं, तेवढ्यावरून समजायचं की अजून माणसांत आहे.

ताई, तुला दुखवायचा हेतू नव्हता, हे तू जाणतेस. पण सगळं शास्त्र देवाचंच ना? मग कोण बोललं याला एवढं महत्त्व कशाला? मी चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, भावना महत्त्वाची, संदर्भ सवडीने बघू. मग त्यांना अचानक एका आजाऱ्याला भेटायला जायचं आठवलं. मागाहून माझ्या लक्षात आलं की त्यांच्या घराच्या दारावरही हेच वचन आहे. मीच रंगवलंय.

खरं सांगू? हे वचन मी अर्ध्या गावाला रंगवून दिलंय. बेकरीवाल्याला दिलंय, दातांच्या डॉक्टरला दिलंय, तीन नव्या जोडप्यांना दिलंय. आजवर कोणी तक्रार केली नाही. तुलाच तेवढी वरची ओळ दिसते.

असो. झालं गेलं विसरून जा. आज सकाळी खास तुझ्यासाठी प्रार्थना करून पेटीतून दुसरी सुरळी काढली. हे वचन अगदी निर्धोक आहे: देवाशी समेट कर, म्हणजे तुला शांती लाभेल आणि तुझं भलं होईल. खाली 'ईयोब २२:२१' आहे. त्याच ग्रंथातलं निघालं, बघ! हा योगायोग नव्हे. म्हणशील तर याची पाटी करतो, जमीन हिरवी घेऊ.

मी ते आधी उघडून का बघितलं नाही असं विचारशील. शास्त्रातला टाइप फार बारीक छापतात हल्ली. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

लोभ लवकर सापडावा ही विनंती.

तुझा,
धाकटा


२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं निर्धोक वचन उघडलं. बोलणारे यावेळी अलीफज, म्हणजे दुसरे मित्र. समेट कर असं सांगण्यापूर्वी ते ईयोबावर आरोपांची फैर झाडतात. त्यातला एक असा की तू विधवांना रिकाम्या हातांनी परत पाठवलंस. मी स्वतः विधवा, धाकट्या. आता मी मलाच कुठे परत पाठवू, ते या सज्जनांना विचारून कळव.

तुझ्या पेटीत या मित्रांनी बिऱ्हाडच केलेलं दिसतंय. आगीतून काढून फुफाट्यात टाकायला भाऊच हवा. परक्याला इतकं जमत नाही.

सोबत चष्मा पाठवते आहे. टाइप पूर्वीइतकाच आहे, तू पूर्वीइतका राहिला नाहीस. लांबूला निरोप दिला त्या दिवशी तू गीतांचं पुस्तक हात ताणून धरलं होतंस, आणि हात कमी पडला तेव्हा नुसता गुणगुणत होतास. तेवढ्यावरून नंबर काढलाय. काचा मी स्वतः बसवल्या आहेत. मंडळीच्या वडिलांना शोभेल अशी जाड काळी फ्रेम आहे.

आता अट ऐक. काचेआडून ते शास्त्र बाहेर काढ. ईयोब पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाच. पाळकसाहेबांना विचारायचं नाही, पेटीला हात लावायचा नाही. तोवर मला पत्र लिहू नकोस.

मीही वाचते आहे. भक्तीने नव्हे. तुला झोडपायला आणखी काही सापडतं का, म्हणून सुरुवात केली. पण हा ईयोब भलताच निघाला. अर्धा ग्रंथ देवाशी भांडतो. मी जे दार लावून स्वयंपाकघरात म्हणायचे, कोणी ऐकू नये म्हणून नळ सोडून म्हणायचे, ते हा चारचौघांत ओरडून म्हणतो. आणि ते शास्त्रात छापलंय! इतकी वर्षं चर्चमध्ये बसले, मला हे कोणी सांगितलं नाही. मला वाटत होतं, माझी श्रद्धा संपली.

चष्म्याचे पैसे नकोत. पाटीही नको.

तुझी,
ताई


२० मार्च

ती. ताईस,
सलाम वि. वि.

वाचला. पूर्ण.

चष्मा घातल्यावर पहिल्यांदा दिसल्या त्या माझ्याच पाट्या. दुकानात टांगलेल्या सगळ्या ओळी किंचित उजवीकडे चढत जातात. इतक्या वर्षांत एकही गिऱ्हाईक बोललं नाही. माणसं फार सोशिक असतात, ताई.

सुरुवातीला मला राग आला तो तुझा. मग बिल्ददपाशी पोचलो. त्याचं बोलणं वाचताना एक बारीकशी शंका आली की हा आवाज ओळखीचा आहे. किती गोड, किती ठाम, आणि समोरच्याच्या तोंडाकडे एकदाही न बघता! पान उलटायच्या आत कळलं की आरशात बघतोय. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मंडळीचा वडील रंगाच्या डब्यावर बसून रडतोय, हे बेकरीवाल्याने बघायला नको होतं.

त्या मित्रांनी एक गोष्ट मात्र चांगली केली. आले तेव्हा ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, आठवडाभर. दुःख फार आहे हे बघून एकानेही तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. मी तर लांबूची शवपेटी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागलो होतो.

आणि शेवट. शेवटी देव रागावतो तो ओरडणाऱ्यावर नाही, या गोड बोलणाऱ्यांवर. म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. म्हणजे ज्याला दुखवलं त्याच्याच दारात पाठवतो. हे कुठल्याही सुरळीवर छापलेलं नाही, मी सगळी पेटी उलटी करून बघितली.

दातांच्या डॉक्टरला सगळं सांगून पाटी परत मागितली. तो म्हणाला, रंग भिंतीला शोभतो, राहू दे. पाळकसाहेब मात्र गुपचूप स्वतः येऊन आपली ठेवून गेले.

लग्नाला ये असं म्हणत नाही. चिमणीलाही सांगितलं, आत्याला गळ घालू नकोस. मला फक्त तुझ्याकडे येऊन बसायचंय. पेटी आणणार नाही. एक शब्द बोलणार नाही. येऊ का?

लोभाविषयी काही मागायची हिंमत नाही.

तुझा,
धाकटा (बिल्दद)


२७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ये. तू आणि गप्प! असा चमत्कार शास्त्रातही नोंदलेला नाही, मला बघायचाच आहे. भावजयीलाही आण, तिला खरं वाटणार नाही.

लांबूची खुर्ची तशीच आहे, तिच्यावर बसू नकोस. खाली बस. मीही तिथेच बसते हल्ली.

प्रार्थनेचं म्हणशील तर वर्षभर जमली नव्हती. काल नळ न सोडता तोंड उघडलं. निघाली ती सगळी तक्रारच: आधी देवाची, मग सिग्नलची, मग बराच वेळ तुझी. पण त्या नादात तुझं नाव घेतलं गेलं, आणि घेतल्यावर मागे घ्यावंसं वाटलं नाही. ईयोबाचीही याहून बरी नसेल. तुझं काम झालं असं समज.

लग्नाला येते. पाठ मी वाचेन. कुठला ते मी ठरवेन, आणि वरच्या ओळीपासून सुरुवात करेन. पाहुण्यांना घाई असेल तर त्यांनी बाहेर उभं राहावं.

येताना ब्रश आणि पिवळा रंग आण. पाटी अजून भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तिची पाठ कोरी आहे आणि सागवान चांगलं आहे. तिच्यावर 'लांबू' एवढंच लिही. वचन नको, खाली संदर्भ नको. चष्मा घालून लिही, म्हणजे ओळ चढणार नाही. आणि अक्षरं उंच काढ, त्याच्यासारखी.

लोभ सापडला. गप्प बसून वाढवावा ही विनंती.

तुझी,
ताई