बाबूजी फाटकातून चालले तेव्हा

दवनीवाडा, रविवार

प्रिय डिंपलताई,

पत्र पाहून आधी हसशील. रोज संध्याकाळी फोनवर बोलणाऱ्या भावाला पत्र लिहायची बुद्धी झाली, म्हणजे याचं डोकं फिरलं म्हणशील. फिरलंच आहे. पाच दिवस झाले, बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कुठे जावं कळत नाही. माय म्हणते नजर लागली, काल मीठ-मोहरीही ओवाळून टाकली तिनं. गोष्ट बाबूजींची आहे. फोनवर सांगता येत नाही, का ते शेवटी लिहितो.

तू मला 'भंगारवाला' म्हणून चिडवतेस, पण माझं काम नेमकं काय ते कधी विचारलं नाहीस. आमच्या कारखान्यात भंगार वितळवतात. त्यात एखाद्या जुन्या यंत्रातला किरणोत्सर्गी तुकडा आला आणि भट्टीत गेला, तर माल नासतो आणि माणसंही. म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंच खांब आहेत, मधून जाणाऱ्या गाडीतले किरण ते मोजतात. आकडा मर्यादेवर गेला की आतला रिले सुटतो. रिले म्हणजे विजेवर चालणारा खटका. एरवी तो ओढलेलाच असतो. वीज गेली, तार तुटली, उंदरानं कुरतडली तरी सुटतो, आणि हूटरला वेगळी बॅटरी असल्यामुळे बोंब होतेच. त्यामुळे यंत्र गप्प असलं तर सगळं ठीक आहे, एवढा भरवसा ठेवता येतो.

पण रिले स्वतः काही करत नाही गं. त्याच्या स्क्रूंना बाहेरून जे जोडाल, ते काम करतं. आधी तिथे नुसता हूटर होता. आमचा चौकीदार मनिराम बटण दाबून तो बंद करायचा आणि गाडी खुशाल सोडून द्यायचा. म्हणून उन्हाळ्यात मी फाटकाचा दांडाही त्याच तारेवर घेतला. आता बटण दाबलं तर आवाज थांबतो, पण लाल दिवा जळत राहतो आणि मी किल्ली फिरवल्याशिवाय दांडा उठत नाही. बाबूजींना मी हे मोठ्या ऐटीत दाखवलं होतं. "बेस केलास बेटा," म्हणाले होते.

मंगळवारी त्यांचीच गाडी तिरोड्याकडून भंगार घेऊन आली आणि हूटर वाजला. बापाची गाडी म्हणून सोडली असं कोणी म्हणू नये, या एका हट्टापायी मी कोणाशी वागलो नसतो इतका कडक वागलो. सगळी गाडी रिकामी करायला लावली. हातात धरायचं मीटर तपासणीला बाहेर गेलेलं, नाहीतर पुढचं टळलं असतं. रिकामी गाडी बाबूजींनी पुन्हा आणली, पुन्हा वाजलं. मनिरामला चालवायला बसवलं, तर यंत्र चिडीचूप. तेव्हा तरी मला समजायला हवं होतं. पण मी म्हणालो, बाबूजी, तुम्ही एकटे चालत जा बरं मधून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन?" मी म्हणालो, जा ना. त्यांनी गमछा खांद्यावर नीट केला आणि वीस लोकांसमोर फाटकातून चालत गेले. हूटर वाजला. दोघं-तिघं मागे सरकले. एक जण हसून म्हणाला, "माल बुढ्यातच हाय का बे!" ताई, त्याला मारायला हवं होतं. मी आकडा पाहत उभा होतो.

मग त्यांना वजनकाट्यामागे नेऊन विचारलं. सोमवारी गाडीच्या कागदांसाठी म्हणून ते नागपूरला गेले होते ना, ते हाडांचा स्कॅन करायला. "सुई टोचली, मंग मशीनमंदी झोपवलं," एवढंच म्हणाले. तू नर्स आहेस, त्या सुईतलं किरणोत्सर्गी औषध दोन दिवस अंगात बोलत असतं हे मी तुला काय सांगू. स्कॅन कशासाठी, तेही तू ओळखलं असशील. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आहे, हाडात उतरला का ते पाहायचं होतं.

त्यांनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "तोंडातून शब्द काढशील तं माही शपथ हाय. डिंपलची नोकरी डिसेंबरमंदी पक्की होऊन राहिली, तिले सुट्टी मांगाले लावू नोको. तुह्या मायचा बीपी तुले ठाव हाय." मी बटण दाबलं, आवाज थांबला, किल्ली फिरवली. लोकांना सांगितलं, यंत्रात बिघाड होता. माझ्या यंत्राबद्दल मी पहिल्यांदा खोटं बोललो.

माफी मागितली तर म्हणाले, यंत्र खरं बोललं, तुझं काय चुकलं? आणि घरी अगदी नेहमीसारखे, मायला चिडवतात, ताट पुसून जेवतात. माझ्या यंत्राच्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवता येतो, त्यांच्या नाही. मला भीती वाटते, ताई.

आता हे पत्र कशाला, ते. शपथ तोंडातून शब्द न काढण्याची होती, हातानं लिहिण्याची नव्हती. शेजारचा वीरेंद्र उद्या तुझ्या रायपूरला येतो आहे, त्याच्या हाती देतो. गाडीत डॉक्टरांचा कागद पाहिला, शुक्रवारी रिपोर्ट घेऊन बोलावलं आहे. बाबूजी म्हणतात, "मी नाई जात. धान कापून झाला का मंग पाहू." दोनदा मिनतवारी केली, दोनदा गाडी सुरू करून निघून गेले. तुझं ऐकतात ते, लहानपणापासून तुझंच. पाच दिवस मी नुसता वाजतो आहे, तेही आतल्या आत. दांडा टाकणं मला जमत नाही. गुरुवारी रात्रीपर्यंत ये. शुक्रवारी सकाळी ते भंगाराला निघतील, तेव्हा गाडीपुढे तू आडवी उभी राहा.

तुझाच,
गुड्डू