‘बरी आहे’, एवढंच म्हणाले

कळंब, एप्रिल २००२

सौ. रुपालीताईस,

धाकट्या मावसबहिणीचा, म्हणजे शीलाचा, वाकून नमस्कार. (शेतात कांद्याची पात कापायची काटणी चालू असल्याने आम्ही सध्या वाकलेलेच आहोत, तरी नमस्कार वेगळा धरावा.) दाजींचा खोकला गेला का? इकडे सर्व खुशाल. आईचे गुडघे, बाबांचा राग आणि गेणभाऊ चुलत्यांची मध्यस्थी, तिन्ही पूर्वीसारखी चालू आहेत.

माझं लग्न मोडता मोडता राहिलं हे तुला मावशीकडून कळलंच असेल. ते एका कादंबरीपायी मोडत होतं, यावर मात्र मावशीचा अजून विश्वास नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

साखरपुडा झाल्यावर संपतरावांनी (मंचरला शेतीच्या औषधांचं दुकान, मिशी फोटोत दिसते तेवढी प्रत्यक्षात नाही) मला एक कादंबरी पाठवली. सोबत निरोप, वाचून कशी वाटली ते सांगा. लोक साडी पाठवतात. पुस्तकाला कीटकनाशकाचा असा वास होता की वाचताना एक डास जवळ आला नाही, आणि कादंबरीचा हा गुण मी प्रामाणिकपणे पहिल्या क्रमांकावर ठेवते. कथा पुण्याची. नायक-नायिका लिफ्टमध्ये एकमेकांवर आदळतात. मग कॉफी पितात. मग भांडतात आणि वेगवेगळ्या ठिकाणी कॉफी पितात. दोघांनाही नोकरी आहे म्हणे, पण साहेब कधी विचारत नाही की बाबांनो, कुठे होता? दोघांना मिळून एक आत्या नाही, चुलता नाही, भावकी नाही. मग तो दुसऱ्याच मुलीबरोबर दिसतो, ही रडून उशी भिजवते, आणि शेवटी ती मुलगी निघते त्याची सख्खी बहीण! आपल्याकडे मुलगा एस्टी स्टँडवर कुणाशी बोलला तर त्या मुलीचं आजोळ कुठलं हे एस्टी सुटायच्या आत गावाला कळतं. असा गैरसमज इथे दोनशे पानं टिकलाच नसता. दोनदा हसू आलं, खोटं कशाला बोलू. छपाई स्वच्छ आहे.

मग संपतरावांचा फोन आला. फोन गेणभाऊंच्या घरी, त्यामुळे मी बोलत असताना घरातली सगळी माणसं एकाएकी लसूण सोलायला तिथेच बसली. त्यांनी विचारलं, “कशी वाटली?” मी म्हणाले, “बरी आहे.” तिकडून, “बरी म्हंजे?” आता यावर काय सांगणार? बरी म्हणजे बरी. अगदीच कोरडं वाटू नये म्हणून मी आपुलकीने म्हणाले, “जुनं घेतलंत का हो? कुणा येड्यानं पेन्सिलीनं रेघा मारल्यात, आणि त्याही नेमक्या वाईट वाक्यांखाली.” फोन कट. मला वाटलं, लाईन गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या होणाऱ्या सासूबाईंचा, ठकूबाईंचा, निरोप आला की पोरगं रातीपासून जेवलं न्हाई, पोरीला पसंत नसंल तर तोंडानं सांगा. मंचर ते कळंब अंतर ते केवढं, पण तेवढ्यात ‘कादंबरी बरी आहे’चं ‘पोरगी नको म्हणतीय’ झालं होतं. गेणभाऊंनी आपल्या घरी बैठक बोलावली. सतरंजीवर पानाचं ताट, त्याशेजारी पुस्तक, आणि भोवती दोन्हीकडची जाणती मंडळी. यांतल्या कुणीही आयुष्यात कादंबरी वाचलेली नाही, त्यामुळे चर्चा फार मोकळी झाली. बाबा म्हणाले, पुस्तकच परत करून टाका. गेणभाऊ म्हणाले, आधी कळू तर द्या आहे काय त्यात, आणि मधलंच एक पान उघडून मोठ्याने वाचू लागले. तिथे नायक नायिकेच्या गालावरची बट मागे सारत होता. गेणभाऊंना ठसका लागला. त्यांनी पुस्तक बाबांकडे दिलं, बाबांनी पाहुण्यांकडे, पाहुण्यांना चष्मा सापडेना. दाराआडून ठकूबाई कडाडल्या, “आरं थांबला का? बट सारल्यावर फुडं काय झालं?”

पुढचं कुणी वाचेना, तेव्हा संपतराव बोलले. इतका वेळ ते सतरंजीची दशी ओढत बसले होते. कान लाल. “रेघा म्या मारल्या व्हत्या,” ते म्हणाले. “मला बोलाया जमत न्हाई. जे बोलायचं व्हतं तेच्याखाली रेघ मारली.”

ताई, लसूण सोलणारे हातसुद्धा थांबले. मी त्या रेघांना केवढी हसले होते! आईला वाचून दाखवून हसले होते. आपली जीभ तुला ठाऊक आहे. सॉरी म्हणायचं, तर मी दाराआडून म्हणाले, “रेघा सरळ आहेत. वाक्यंच वाकडी आहेत. याच्यापेक्षा बरं तर मी लिहीन.”

“मंग ल्ही की!” ठकूबाई म्हणाल्या. “आमच्या संपतला एक पत्र ल्ही. आमी बी बघतो.” यावर संपतराव पहिल्यांदा हसले (मिशी बरी दिसते हसताना), चहा झाला, आणि तारीख तीच राहिली. पुस्तकाबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही. सुमार आहे.

लग्नाला आठ दिवस आधी ये. मावशीला समजाव.

तुझी,
शीला

ता. क. पुस्तक सध्या ठकूबाईंकडे आहे. भाचीकडून रोज वाचून घेतात. ती दुसरी मुलगी कोण ते अजून कळायचंय. कुणी सांगू नये अशी तंबी आहे.

ता. क. २ : खरं काम असं. ते पत्र अजून झालेलं नाही. रोज कागद घेऊन बसते. ‘प्रिय’ लिहिते, खोडते, ‘आदरणीय’ लिहिते, तेही खोडते, मग उठून कांदे काटते. तू कॉलेजात असताना मैत्रिणींना अशी पत्रं लिहून द्यायचीस ना? चार ओळी खरडून उलट टपाली पाठव. कॉफी असली तरी चालेल. पुस्तकातल्याच दोन ओळी उचलणार होते, पण त्या माणसाला अख्खं पुस्तक पाठ आहे.