काजळीत उमटलेली चिन्हं

यवतमाळ,
१२ जानेवारी १९६१

प्रिय वामन,

सोबतच्या कागदावर काजळीचे डाग दिसतील. घाण समजून झटकू नकोस, तुझ्या अंकगणिताच्या पुस्तकाची चिन्हं आहेत ती. अधिक, उणे, गुणिले, भागिले, बरोबर आणि शेवटी प्रश्नचिन्ह. पोलादाचा ठसा दिव्यावर धरून कागदावर दाबला, की छपाईचा खिळा कसा उमटेल ते शिसं ओतण्याआधीच कळतं.

बाहेरून आणलेली इंग्रजी चिन्हं एवढीशी, आपल्या मराठी आकड्यांच्या पायाशी लोळत. उण्याची रेघ तर पोरं कागदावरचा मळ समजत आणि वजाबाकीची बेरीज करून बसत. राळेगावच्या शाळेत हे तूच पाहिलंस आणि मला बजावलंस, की चिन्हं नवी झाल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही. कागद लावणाऱ्या पोऱ्याचा मी छापखानेवाला झालो, पण तुझ्यासारखं किरकिरं गिऱ्हाईक पाहिलं नाही लेका. केसभर तिरकी रेघ दिसली, की ठसा परत.

अधिकाचं चिन्ह काही साधेना. दोन्ही रेघा सारख्याच जाड, तरी आडवी जड दिसे. आमच्या याडीनं, तुमच्या भाषेत आईनं, हातातला कशिदा बाजूला ठेवून पाहिलं. ‘आडवा टाका बारीक घे रे, नाही तं उभ्याले दाबून टाकते,’ म्हणाली. घेतला. आता तोलात आहे.

मागच्या आठवड्यात तुझ्या खाटेशी बसलो होतो. तू बरा आहेस म्हणालास, मीही मान हलवली. पण माझे कान तुला ठाऊक आहेत. यंत्राचा एक दात झिजला तरी मला बाहेर ओट्यावर ऐकू येतं. पूर्वी तू अख्खा पाढा एका दमात म्हणायचास. त्या दिवशी ‘फुलसिंग, बस’ एवढ्यात दोनदा श्वास घेतलास.

काल लीलावहिनी एसटीनं आल्या होत्या. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं आणि तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. मी सांगत नाही. तुला ते आमच्याआधी कळलंय, हे त्या दोन श्वासांतच ऐकलं होतं. पत्र लिहिलं ते एवढंच कळवायला, की या वेळी तुझ्या पसंतीसाठी थांबलो नाही. ठसे तांब्यात ठोकून साचे केले, खिळे ओतले, पुस्तकाच्या पानांचा पहिला फर्मा उद्या यंत्रावर चढतो. प्रश्नचिन्हाचं टिंब अजून किंचित खाली वाटतं. तू खवळशील. रविवारी येतो, तेव्हा तोंडावर शिव्या दे. दम लागला तर थांबून थांबून दे. मी ऐकत बसेन.

तुझाच,
फुलसिंग