साच्यांसंग गेलेली

११ जानेवारी २०२५, शनिवार

हाटेलसमोर बोट! गाडीच्या मागं ट्रॉली, ट्रॉलीवर बोट. ट्रकवाले चहा अर्धा टाकून पाहाले गेले. मी म्हटलं, इथं प्यायच्या पाण्याची मारामार अन् हे काय आणून उभं केलं.

माणूस नागपूरचा. रजत. पस्तिशीतला, दाढीवाला. जुनी इंजनं दुरुस्त करते. ही बोट त्यानं एका धरणाच्या बंद गोदामातून लिलावात घेतली. मागच्या अंगाले पितळेची पट्टी हाय — बाबुलाल बॉडी वर्क्स, पांढरकवडा, नंबर १७. त्याले त्या कारखान्याचा सगळा इतिहास पाह्यजे. कोणी काढला, किती बोटी केल्या, कायले बंद पडला. जेट बोट म्हणे. अशी बोट आपल्याकडं बनलेली त्यानं दुसरी पाह्यली नाही. चार दिवसापासून गावात फिरून राह्यला, कोणी नीट सांगत नाही.

मी म्हटलं, चहा घ्यायचा असन तर बसा, नाहीतर ट्रॉली काढा, गाड्या अडून राह्यल्या.

तेवढ्यात बा बाजेवरून उठला. दोन महिन्यात कोणी धरल्याशिवाय उठला नाही तो. भिंतीले धरत बोटीपाशी गेला. बुडाखाली हात घातला. हात तसाच फिरवत पार टोकापर्यंत नेला. मग सरळ आत. जेवला नाही.

मी त्या माणसाले काही सांगितलं नाही. काय सांगू? त्याच कारखान्यातून माही याडी, माय माही, पळाली.

१२ जानेवारी

वहीत तरी खरं लिहू.

याडीचं नाव रुपी. मी सात वर्षाची होती, सन ८६. ती बाबुलालशेठच्या कारखान्यात कामाले जाये. तिथं ट्रकवर उत्तमसिंग डायवर होता, आमच्याच बंजारा तांड्यातला. एका दिवशी दोघं गेले. तो नंतर वणीले जाऊन राह्यला. लोकं म्हणत, तिथंच ठेवली हाय तिले.

शाळेत मले पळकुटीची म्हणत. एकाचं नाक फोडलं, अन् चौथीत शाळा सुटली.

बानं दुसरी केली नाही. वेणी घालाले शिकला. मह्या लग्नात मी साफ सांगितलं — बा संग येईन तर मी येईन. मालक बिचारे हो म्हणले. तवापासून बा मह्याजवळ. मह्या पोरीले, निकिताले, आजी मेली म्हणूनच सांगतलं. घरात ते नाव निघत नाही.

वणी इथून कितीसं दूर! कधी गेली नाही.

१३ जानेवारी

रजतचा फोन. तुमचे वडील बोटीले ओळखतात असं वाटलं, म्हणे. ठेवून देल्ला.

१६ जानेवारी

गेली शेवटी. मीच फोन केला. म्हटलं, तुम्हाले कोणी सांगणार नाही, मी येते.

बाबुलालशेठचा मुलगा बबलू. साठीचा झाला तरी बबलूच. बसस्टँडमागं हार्डवेअरचं दुकान. रजतले पाहून त्याले एवढा आनंद झाला का गिऱ्हाईक उभं ठेवून बोलत बसला. शेठ ट्रकच्या बॉड्या बांधत. एका पुरात त्याईनं पाह्यलं — लोकं झाडावर बसून राह्यले अन् वाचवाले आलेल्या नावेचा पंखा दगडावर तुटला. शेठ घरी आले अन् म्हणले, पंखाच नाही पाह्यजे. शेतातला पाण्याचा पंप घेतला, बोटीच्या आत आडवा बसवला, जीपचं इंजन जोडलं. बुडातून पाणी ओढायचं अन् मागून जोरानं फेकायचं. खाली अडकाले काहीच नाही. ढोपरभर पाण्यात, गोट्यावरून बी जाये. सात वर्षात तेवीस बोटी. मग सरकारी मागणी थांबली. बोटीचे साचे कोकणातल्या एका कारखान्याले विकले अन् शटर पाडलं.

रजत सगळं लिहून घेऊन राह्यला होता. इंजन कोणतं, पंप किती इंचाचा. मले धीर नाही. मधातच म्हटलं, रुपी नावाची बाई होती ना तिथं?

बबलूनं चश्मा काढला.

"रुपीबाई? अवो, बोटी तर तिच्याच होत्या."

बोटीचं बूड काचेच्या कापडाचं, फायबरचं असते. साच्यात थरावर थर रेझिननं चिकटवायचे. कुठं चार, कुठं सात, वळणावर तिरपं कापायचं. थर चुकला का बूड दगडावर फुटते. हे कागदावर कुठंच नव्हतं. रुपीच्या डोक्यात होतं. घागऱ्याले तुकडे जोडून जोडून हात बसलेला, माप न घेता कापे. शेठ कोणालेही म्हणत, मले नका विचारू, रुपीले विचारा.

त्यानं एक फोटो शोधून देल्ला. सन ८४. बोटीसमोर अकरा माणसं. रजतनं मोबाईलमध्ये काढून घेतला, फोटो मी घेतला. त्यानं मागितला बी नाही. म्हणे, मावशी, तुमची कोण?

मी म्हटलं, गाडी चालू करा.

१७ जानेवारी

मह्याजवळ तिचा एकही फोटो नव्हता. जबडा माहाच हाय. हसून राह्यली हाय फोटोत. ती हसे हेच मले माहीत नव्हतं.

अन् हात उघडे.

दोनदा पाह्यलं, खिडकीजवळ नेऊन पाह्यलं. मनगट ते दंड, एकही बांगडी नाही. तवा आमच्या बायायचा चुडा दंडापर्यंत असे. लग्नात चढला का नवरा मेल्यावरच दंडावरचा उतरायचा. नवरा जिता असताना उतरवला म्हणजे त्याले जिताच मारला. तांड्यात याच्यापेक्षा मोठा गुन्हा नव्हता बाईचा.

कारण मी समजू शकते. काचेच्या कापडाचं कुसळ बांगडीखाली शिरते, वरून रेझिन चिकटते, कातडं सोलून निघत असन. कामासाठी काढला, घरी येताना परत चढवत असन. दुसरं काही नाही. पण तिथं कोण समजून घेणार होतं!

आता मीच दोन काचेच्या बांगड्या घालते. भजे तळताना त्याही काढून ठेवते. कोणी काही म्हणत नाही.

१९ जानेवारी

फोटो बाले दाखवला. त्यानं डोळे मिटून घेतले. "ठेव," म्हणला.

२ फेब्रुवारी, रविवार

वणी. रजतच्याच गाडीत. त्याले तो डायवर बोटीच्या इतिहासासाठी पाह्यजे होता. मले त्याच्या थोबाडीत मारायची होती. रस्त्यानं मी रजतले सगळं सांगून टाकलं. माणूस बरा हाय. मधात बोलला नाही.

उत्तमसिंग कोळशाच्या ट्रकवर होता जिंदगीभर. आता डोळे गेले. अंगणात खुर्चीवर बसला होता. मी म्हटलं, देवसिंगची पोरगी. तो उभा राह्यला. म्हणे, ये. कोणीतरी येऊन विचारन म्हणून चाळीस वर्षं वाट पाह्यली.

हात उचलायचा राहूनच गेला.

त्यानं सांगतलं ते असं. साचे विकत घेणाऱ्याची अट होती — साच्यासंग शिकवणारं माणूस पाठवा, तीन महिने. शिकवणारं माणूस एकच होतं. साचे ट्रकवर, ट्रक उत्तमसिंगचा, म्हणून रुपी त्या ट्रकात बसली. बाले माहीत होतं. बानंच तिची पेटी वर चढवून देल्ली. आठ दिवसांनी उत्तमसिंग एकटा परत आला तं तांडा पेटलेला. चुडा घरात खुंटीले सापडला होता. तांड्याच्या नाईकासमोर बसवलं. ह्यानं सांगितलं का बाई कामाले गेली. नाईकानं बाले विचारलं — तुह्या हुकमानं चुडा उतरवला का? बा खाली मान घालून बसला. हो बी नाही, नाही बी नाही.

"नवराच बोलला नाही तं माहं कोण ऐकते? मी तिले काकी म्हणो, संगीता. बावीस वर्षाचा होतो मी."

तांडा सोडून तो वणीले आला तो असा.

मी उठाले लागली तं म्हणे, "बस, अजून हाय. तीन महिने झाल्यावर काकीचा शेठच्या घरी फोन आला, शेठनं मले कळवलं, मीच तिले घेऊन आलो. तांड्याच्या बाहेर ट्रक थांबवला. ती म्हणे, आत नाही येत, त्यायले इकडं बोलाव. काका आला, तुले हाताले धरून. तिघं झाडाखाली उभे होते. मी इंजन चालू ठेवून ट्रकातच बसलो, मले काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं ती एकटी आली. म्हणली, चाल. कोकणात परत सोडून आलो तिले."

मले आठवत नाही. काहीच आठवत नाही. ट्रक बी नाही.

ती परत आलती. अन् बानं तिले हाकललं. चुड्यापायी!

३ फेब्रुवारी

सकाळी बाच्या बाजेसमोर उभी राह्यली. विचारलं, तिले काहून हाकललं? तोंड भिंतीकडं केलं त्यानं. तीनदा विचारलं. म्हणे, "जुनं हाय ते."

जुनं! ह्याच्या नाकासमोर जगली मी पळकुटीची म्हणून. एक शब्द बोलला असता हा माणूस तं पुरे होतं.

५ फेब्रुवारी

ताट निकिताच्या हाती पाठवलं.

६ फेब्रुवारी

आजही.

११ फेब्रुवारी

मालक म्हणले, म्हातारा माणूस हाय, किती ताणशीन? मी म्हटलं, तुम्हाले वाढू नको का? गेले बिचारे वावरात.

बा अर्धीच भाकर खाते, निकिता सांगत होती. सांगू दे. सकाळी त्याची अंघोळीची बादली ठेवली अन् मुद्दाम जोरानं आदळली. तो दचकला. मले बरं वाटलं. मग दिवसभर काहीच बरं वाटलं नाही.

१९ फेब्रुवारी

रजत कोकणातून आला, सरळ हाटेलात. बोटीचा इतिहास पुरा झाला म्हणे. तो कारखाना खाडीवर होता, आता मोडला. पण तिथल्या लोकायनं सांगतलं — पांढरकवड्याच्या साच्यातून तिथं शंभराच्या वर बोटी निघाल्या. सगळ्याईचं बूड एका बाईनं शिकवलेल्या थरानं. ती बाई तिथंच राह्यली. पोरीयले शिकवलं, पोरायले शिकवलं. गावात रुपाआजी म्हणते तिले.

म्हणते. म्हणत होते नाही, म्हणते.

कागदावर नंबर लिहून देल्ला त्यानं. चहाचे पैसे घेतले नाही मी त्याचे. तो म्हणे, मावशी, मी त्यायले तुमच्याबद्दल काही बोललो नाही. ते तुमचं काम.

एकोणसत्तर वर्षाची असन ती.

२१ फेब्रुवारी

नंबर पाठ झाला. लावला नाही.

२२ फेब्रुवारी

नाही लावला. सगळ्याईवर ओरडून राह्यली दिवसभर. मालक म्हणे, एकदाचा लाव माय तो फोन.

२३ फेब्रुवारी

काय बोलायचं ते ठरवलं. पहिल्यांदा सांगायचं का मले सगळं समजलं. बानं तुले दारातून परत पाठवलं, तू पळाली नव्हती. चाळीस वर्षं मी तुले शिव्या देल्ल्या त्या मी परत घेते. मग म्हणायचं, ये. घर माहं हाय, त्याचं नाही. त्याले पटलं नाही तं तो पाहीन.

उद्या दुपारी गर्दी नसते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लावला. आवाज खरखरीत. कोण, म्हणे. मी म्हटलं, संगीता. तिच्या मागं कुठंतरी मशीन चालू होती. मी ठरवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. मग आमच्या गोर बोलीत म्हणली —

"त्यायनं नाही परत पाठवलं, बेटा. ते तं ये म्हणत होते. मीच म्हटलं, काम सोडत नाही, पोरगी नेते. ते म्हणले, पोरीले विचार. तुले विचारलं मी. दोनदा विचारलं. तू त्यायच्या मागं लपली अन् म्हणली, हे बाई मले नोको."

मी फोन दुसऱ्या कानाले लावला.

"सात वर्षाची होती तू. मोठी झाल्यावर हे डोक्यात घेऊन बसशीन, म्हणून मीच त्यायले शपथ घातली. तिले कधी सांगू नोका. लोकं मले काय म्हणते ते म्हणू द्या."

बाचं ताट वाढून ठेवलं हाय. त्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आली.