आकृतीतली सरिताताई

शहापूर, जि. भंडारा
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय सरिताताईस,
मंजुषाचा सप्रेम नमस्कार.

तुझी मळमळ आता कमी झाली असेल, अशी आशा करते. तिसरा महिना सरत आला, असं आई सांगत होती. फोनवर विचारता आलं असतं; पण तुझा फोन सासूबाई स्पीकरवर लावतात आणि स्पीकर म्हटला की माझा आवाज बसतो. म्हणून आंधळगावला निघालेल्या टिकारामकाकांच्या हाती हे बंद पाकीट देते आहे.

इकडे थंडी पडू लागली आहे. खोलीमागच्या शेतातली धानाची कापणी आटोपली. सिकलसेल संशोधन केंद्रावर काम फार. सोनकुसरे सरांचे शोधनिबंध मोजणं मी सोडून दिलं आहे. एक छापून येतो तोवर दुसऱ्याची आकृती माझ्या टेबलावर येते. त्यांची चेष्टा मात्र करवत नाही. आपल्या भागातल्या सिकलसेलच्या मुलांना औषध किती द्यावं, हे त्यांच्याच संशोधनातून ठरलं.

सध्या मी तुमच्या गावच्या रक्ततपासणी शिबिरात आलेल्या घरांचे वंशवृक्ष काढते आहे. पुरुष म्हणजे चौकोन, स्त्री म्हणजे वर्तुळ, रक्तात दोष आहे पण आजार नाही असा वाहक असेल, तर अर्धा भाग काळा. नावं नसतात, क्रमांक असतात. तरी एक अर्धं काळं वर्तुळ काढताना माझा हात थांबला. ते तू आहेस.

शिबिरात भाऊजींनी हसतच दंड पुढे केला होता, आठवतं? "घे मंजू, पाहिजे तेवढं काढ! पक्का रंग हाय, धुतला तरी उतरत नाही." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्याचं कायले काढतेस वं? लग्नाआधीच तपासलं ना! साफ हाय माहा अंकुश."

साफ होतं, हे खरं. सोयरीक ठरताना आपणही तेवढंच पाहिलं. आपल्याकडे सगळे तसंच पाहतात: एक वाहक, दुसरा साफ, की पत्रिका जुळली.

ताई, ती तपासणी चुकली नव्हती. ती फक्त सिकलसेल शोधते. थॅलेसेमिया हा रक्तातला दुसरा दोष तिला दिसत नाही. सरांच्या नव्या अभ्यासात तोही शोधला, आणि भाऊजी त्याचे वाहक निघाले. त्यांना स्वतःला काही होणार नाही. पण तुझ्याकडचा एक आणि त्यांच्याकडचा एक, असे दोन्ही दोष बाळाकडे आले, तर बाळाला सिकलसेलसारखाच आजार होतो. अशी शक्यता चारात एक आहे. उरलेल्या तीनही विसरू नकोस.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

काल सरांना विचारलं, "सर, या घरांना कधी कळवायचं?"

"नीतिशास्त्र समितीची परवानगी आली की. बैठक पुढच्या महिन्यात आहे."

"या वर्तुळाला दिवस गेले आहेत, सर. पुढच्या महिन्यात उशीर होईल."

त्यांनी चष्मा काढला. "कोण आहे ही?"

"माझी बहीण."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मग ही आकृती तुम्ही काढायलाच नको होती. आणि निकाल बाहेर गेला, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही." आवाज चढला नव्हता. नियम त्यांनी केलेला नाही, आणि तो चांगल्यासाठीच आहे, हेही मला पटतं. तरी रात्रभर खोलीत येरझारा घालत होते.

खरं तर भाऊजींच्या रक्ताची गोष्ट आधी त्यांनाच सांगायला हवी. त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाही, हे तू जाणतेस. हे पत्र दोघं मिळून वाचा. ते चिडले, तर त्यांचा राग माझ्यावर येऊ दे, तुझ्यावर नको.

शुक्रवारी सकाळी मी भंडाऱ्याच्या बसस्थानकावर उभी असेन. दोघंही या. नागपूरच्या रुग्णालयात आधी तुम्हा दोघांचं रक्त पुन्हा तपासतील, मग गरज पडली तर बाळाची तपासणी. तिची वेळ अजून गेलेली नाही. त्यानंतर काय करायचं, ते तुम्ही ठरवा. मी काही सुचवणार नाही. सासूबाईंना काय सांगायचं, तेही तूच ठरव.

हे पाकीट काकांना दिल्यावर मी थेट सरांकडे जाणार आहे. त्यांना ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

तुझी धाकटी,
आणि आज संध्याकाळपर्यंत सरांची सहायक,
मंजुषा